लीलाबाई डॉक्टर आणि आईची परत येणारी गाठ

सभेचे अध्यक्ष जयरामभाऊ, व्यासपीठावरचे मानकरी, आज ज्यांना आपण देवगडातून निरोप देतो आहोत त्या लीलाबाई डॉक्टर, त्यांच्या जागी आलेले तरुण डॉक्टर, आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या आयाबहिणींनो व मंडळी,

मी काशीराम. माझी शाळा तिसरीत संपली. त्यानंतर एका जागी टिकलो नाही. सध्या मुंबईच्या गोदीत आहे, उद्याचं सांगत नाही. अशा माणसाला भाषणाला उभं का केलं? कारण बाईंनी सगळ्यांत जास्त वेळा तपासलेली मासेवाली गोदूबाई ही माझी आई. ती पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे डोळे वटारते आहे, ते चालू द्या.

सन एकसष्टला आईच्या छातीत गाठ आली. बाईंनी ती काढली, औषधाच्या बाटलीत घातली आणि मोठ्या इस्पितळात तपासायला द्यावी म्हणून बोटीनं मुंबईला माझ्याकडे पाठवली. सोबत चिठ्ठी. आईनं त्याच पिशवीत लोणच्याच्या दोन बाटल्या कोंबल्या. आता बाईंचं अक्षर! मी छापील वाचतो, तेही सावकाश. चिठ्ठी खिशात राहिली आणि तिन्ही बाटल्या फळीवर. आठ दिवस! आमच्या खोलीतला गुरुदास बाटली उजेडात धरून म्हणतो, "मेल्या, तुझ्या आवशीन ह्यां कसला लोणचा धाडल्यान?" झाकण उघडलं मात्र, त्या वासानं तो जिन्यापर्यंत पळाला. मग चिठ्ठी शेजाऱ्याकडून वाचून घेतली आणि मी इस्पितळाकडे धावलो.

तिथं कळलं, हा नेहमीचा कॅन्सर नव्हे. गाठ दुर्मिळ. बहुधा शरीरात पसरत नाही, पण त्याच जागी परत यायची तिला खोड. आणि आलीच! बाईंनी आईला समजावलं, "नुसती गाठ काढून भागत नाही, भोवतालचं चांगलं मांसही काढावं लागतं."

आई म्हणाली, "जाळा सांधताना कुजको धागो मागे ठेवूचो नाय, तसाच मां?"

"अगदी तसंच!"

तरी तिसऱ्यांदा आली. गेल्या वर्षी मुंबईला छातीची एक बाजू पूर्ण काढली. आज आई बरी आहे, पाटी घेऊन बाजारात बसते. पण दर तीन महिन्यांनी तपासणी चुकवायची नाही. गाठ परतली आणि लवकर सापडली तर काढता येते. उशीर झाला तर क्वचित फुप्फुसापर्यंत जाते. आणि परवा आईनं घरात जाहीर केलं, "बाई गेली, तपासणी संपली. त्या पोराक मी काय एक दाखवूचंय नाय."

माझी रजा परवा संपते. म्हणून अध्यक्षांच्या परवानगीनं इथंच विचारतो. आई, नव्या डॉक्टरांकडे जाशील ना?

थांबा, उठली. काय म्हणतेस?

"गप बस, झिला! सगळ्या गावाक सांगलंस, आता लपवूचा काय रवला?"

हसू नका, अजून बोलते आहे.

"ओ नवे डॉक्टर, दवाखान्यातली नर्स मथुरा बाजूक रवात? रवात ना? मगे सोमवारी बाजार आटापलो की येतंय. पण मासळेच्या वासाक नाक मुरडलात तर बांगडो गावूचो नाय, सांगान ठेवतंय!"

ऐकलंत, बाई? आता निर्धास्त मनानं जा. तुमचे आभार मानायला माझ्याकडे शिकलेले शब्द नाहीत. माझी आई समोर उभी आहे, तेवढंच बघा.

बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर सभेनं पोटात घालावं. आईची माफी मात्र घरी मागावी लागेल, आणि तिथं मला वाचवायला अध्यक्ष नसतील.