थुंकीपुरता समेट

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारे शिंपी आणि त्यांची धाकटी बहीण बसली होती. दोघांच्या मधोमध नर्स नळी धरून उभी होती.

"सिस्टर, या बाईंना विचारा, अकरा वर्षांच्या अबोल्यानंतर एकदम माझी थुंकी कशी आठवली?"

"सिस्टर, या गृहस्थांना सांगा, डोस ठरवणाऱ्या कॉम्प्युटरला आमच्यासारखी माणसंच ठाऊक नाहीत. त्याने कुणा परक्या धिप्पाड माणसाच्या हिशेबाने मला हृदयाची गोळी दिली. मी तीनदा चक्कर येऊन पडले."

"दुसऱ्याच्या मापाने शिवलं की असंच होतं, म्हणावं."

"म्हणूनच तर आजोबा, तुमच्या गोतातल्या शंभर जणांच्या थुंकीतली जनुकं आम्ही त्या कॉम्प्युटरला शिकवतोय. या रेघेपर्यंत थुंका."

"आमचं भांडण आहे, हे त्याला सांगितलंय ना?"

"त्याला भांडण दिसत नाही, आजोबा. फक्त रक्ताचं नातं दिसतं."

"मग कसला हुशार? आणि या बाईंना सांगा, तोंडाला कोरड पडलीय. थेंब येत नाही."

"दादा, ते लिंबू आठव. पैज लावून सालासकट चावलं होतंस ते."

"सिस्टर, अजून एक नळी आणा. ही भरली."