श्वास घ्या, रोखा, आणि मग विसरा

...आणि म्हणे दोन सेकंद! तुम्हाला सांगते, तीस वर्षं एक्स-रे काढतेय मी, साथीत निम्मं हॉस्पिटल आडवं झालं तेव्हा सात जणांचं काम तिघींनी ओढलं, आणि हा मनुष्यबळ नियोजनवाला साहेब घड्याळ घेऊन येतो, माझं बटण दाबणं मोजतो आणि नाकातून म्हणतो काय, ‘मॅडम, एका फोटोला दोन सेकंद. तासाला अठराशे. तुम्ही तिघी म्हणजे जास्तच होताय!’ जास्त? अहो, आमच्यातली धाकटी बारा दिवस ऑक्सिजनवर होती, उठली ती पुन्हा त्याच खोलीत येऊन उभी राहिली, आणि ती जास्त?

माझं डोकंच सणकलं. पण स्वतःलाच म्हटलं, श्वास घ्या... रोखा... सोडा. कारण मार्चमध्ये मी निवृत्त, मागे राहणार दोघी, आणि पुढची साथ काय या साहेबाला विचारून येणार आहे? चार माणसं मला घ्यायचीच होती त्याच्याकडून!

म्हटलं, ‘साहेब, घड्याळ चालूच ठेवा. चला वॉर्डात.’ चढवलं त्याच्या अंगावर सगळं... शिशाचा एप्रन, वर गाऊन, मास्क, चष्मा, हातमोज्यांवर हातमोजे. मग ते फिरतं मशीन! त्याचं एक चाक कायमचं रुसलेलं, आपण सरळ ढकलावं तर ते निघतं भिंतीला भेटायला. तीन वॉर्ड पार करेपर्यंत साहेबाच्या चष्म्यात वाफ. ‘मॅडम, लिफ्ट?’ ‘आहे की. बंद आहे. रॅम्पवरून ढकला.’

खाटेवरच्या एका आजोबांना उठवून बसवलं, पाठीमागे प्लेट सरकवली, आणि मास्कमधून ओरडले, ‘आजोबा, श्वास घ्या! रोखा!’ बटण. झाले दोन सेकंद. तेवढ्यात मशीनचं चाक आलं माझ्या पायावर, मी कळवळले, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा... ‘सोडा’ म्हणायला विसरले!

आजोबा शहाणे, त्यांनी आपला आपण सोडला. प्लेट पुसून वळते तर साहेब... गाल फुगलेले, डोळे बाहेर, तोंड लालबुंद! ‘अहो, सोडा! तुम्हाला नव्हतं सांगितलं!’

सगळं उतरवून बाहेर आलो तेव्हा घड्याळात बावन्न मिनिटं. ‘मॅडम... असे दिवसाला किती?’ ‘साथीत? तिघींत मिळून तीस.’ खाली बसला बिचारा. पण माणूस सच्चा हो, तिथल्या तिथे स्वतःच्या हाताने अहवालात चार नवी पदं लिहिली.

काल पत्र आलं. ‘चार पदे तत्त्वतः मंजूर.’ तत्त्वतः! तत्त्व येतं का हो मशीन ढकलायला? नवी माणसं शिकून यायला तीन वर्षं, आणि त्यांना शिकवायला कोण? तेही पत्रातच खाली: ‘आपली सेवा तीन वर्षे वाढविण्यात येत आहे.’

मी नाहीच म्हणणार होते. पण ती धाकटी आठवली, धाप लागत असतानाही मशीन ढकलणारी. नाही, आता पोरी तयार केल्याशिवाय मी हलत नाही!

आमच्या ह्यांनी माझ्या निवृत्तीसाठी गॅलरीत दोन आरामखुर्च्या आणून ठेवल्यात. पत्र त्यांनी दोनदा वाचलं. म्हटलं, ‘श्वास घ्या... रोखा...’

‘अगं, पण सोडायचा कधी?’

म्हटलं, ‘तत्त्वतः... लगेच!’