चौथ्या प्लगचा नट

ग्रिसेल्दा : बाबा, आधी त्या धुरातून बाहेर या. मग बोलू.

अनसेल्मो : अगं, धूर पांढरा आहे. पांढरा म्हणजे नुसती थंडी. निळा आला तर घाबरायचं, काळा आला तर गाडी खादाड झाली समजायचं. छत्तीस वर्षं ट्रक चालवलाय मी.

ग्रिसेल्दा : खोकून घ्या आधी. आणि इंजिन बंद करा.

अनसेल्मो : आत्ता तर सुरू केलीय, अजून तापली कुठं? बंद केली तर पुन्हा खोकत बसेल.

ग्रिसेल्दा : कोण, गाडी की तुम्ही?

अनसेल्मो : हे अंगण आहे मास्तरीणबाई, वर्ग नव्हे. हं, केली बंद. घे, हा माटे घे, कडू चहा. दोन घोट पोटात गेले की राग उतरेल.

ग्रिसेल्दा : आभार.

अनसेल्मो : पहिल्याच पेल्याला आभार? म्हणजे भलतीच चिडलीस. आभार म्हटलं की संपलं, पुढचा पेला भरायचा नाही. तुझी आई पाच झाल्याशिवाय हा शब्द तोंडातून काढायची नाही.

ग्रिसेल्दा : आईला मध्ये आणू नका. मे महिन्यात, इथली थंडी सुरू झाली तेव्हा, मी या गाडीला चार नवे हीटर प्लग बसवले. कशासाठी?

अनसेल्मो : थंडीत झटकन सुरू व्हावी म्हणून.

ग्रिसेल्दा : आणि धूर होऊ नये म्हणून! डॉक्टर तुमच्यासमोर म्हणाले, छातीत अजून धूर गेला तर ऑक्सिजनची नळी लावून झोपवावं लागेल. महिनाभर गाडी शहाण्यासारखी सुरू झाली. आणि गेले आठ दिवस पुन्हा हा धूर.

अनसेल्मो : ओस्वाल्दोनं स्वस्तातले घातले असतील. मेकॅनिक कसला तो, सायकली दुरुस्त करायच्या लायकीचा.

ग्रिसेल्दा : काल त्यानंच बॉनेट उघडलं. चौथ्या प्लगची वायर काढलेली, नट गायब. म्हणाला, बाई, हा नट कुणीतरी पान्यानं काढलाय.

अनसेल्मो : शाळेपर्यंत पंचेचाळीस किलोमीटर खडी. हादऱ्यानं पडला असेल.

ग्रिसेल्दा : पडला तो थेट माटेच्या पत्तीच्या डब्यात? फडक्यात गुंडाळून?

अनसेल्मो : त्या डब्याला तू कधी हात लावत नाहीस.

ग्रिसेल्दा : काल लावला. का केलंत असं?

अनसेल्मो : सहा वर्षं झाली, पोरी. पहाटे उठायचं, बॉनेटवरची गोधडी काढायची, किल्ली फिरवायची, मागं उभं राहून धूर बघायचा. धूर निवळला की तुझ्या खिडकीवर टकटक. प्लग बसवलेस त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी सहालाच जागा झालो. तू किल्ली फिरवलीस आणि गेलीस. मी नऊपर्यंत छताकडं बघत पडलो होतो. मग रोज तेच. घरात माझी कुणाला गरजच उरली नाही.

ग्रिसेल्दा : मला वाटलं, झोपू दे जरा.

अनसेल्मो : मेल्यावर झोपायचंच आहे की.

ग्रिसेल्दा : असलं बोलू नका! फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबतो माझा. वाटतं, बाबा अंगणात पडले असतील, नि तिथं फोनही लागत नाही. तुम्हाला काही झालं तर संध्याकाळी मी कुणाकडं परत येऊ?

अनसेल्मो : रडू नको. पातागोनियाची थंडी आहे, पापण्या गोठतील.

ग्रिसेल्दा : चेष्टा पुरे.

अनसेल्मो : बरं, दे तो नट. पाना सीटखाली आहे. बॅटरी धर. माझ्या तोंडावर नको, इकडं, खाली. हं, बसला. बस आत. आधी तो पिवळा दिवा विझू दे, प्लग तापू देत. आता फिरव.

(गाडी पहिल्याच किल्लीला सुरू होते. मागे धुराची बारीक रेघ निघते आणि विरते.)

अनसेल्मो : झालं. बघायलाच काही उरलं नाही. जा तू, मी आत जातो.

ग्रिसेल्दा : आत कुठं? वीस मिनिटं तापवल्याशिवाय चढणीला घालायची नाही, हे कुणी शिकवलं मला? या, शेजारी बसा. दार लावा, काच वर करा.

अनसेल्मो : आणि मागचं कोण बघणार?

ग्रिसेल्दा : आरसा तुमच्याकडं वळवलाय. दिसतंय?

अनसेल्मो : दिसतंय. लाल दिव्यात कुंपण दिसतंय, शेजाऱ्याचं कुत्रं दिसतंय. धूर नाही.

ग्रिसेल्दा : छान. उद्यापासून सहाला मी तुमच्या खिडकीवर टकटक करणार. नट जागेवर राहील. थर्मास नि पेला तुमच्याकडे.

अनसेल्मो : रोज?

ग्रिसेल्दा : शाळा असेल तेव्हा रोज. भरा आता.

अनसेल्मो : घे. साखर नाही हं.

ग्रिसेल्दा : तुमच्या हातच्या माटेत कधी होती?

अनसेल्मो : हा चौथा झाला. काटाही वर आला, इंजिन मस्त तापलंय. म्हण आता आभार, नि नीघ. शाळेची शेगडी कोण पेटवणार?

ग्रिसेल्दा : पेटवीन मी. तुम्ही अजून एक भरा.