ताकदीची सुई

(उमरगा. कॅन्सरच्या डॉक्टर मंजुषा यांची तपासणीची खोली. समोर मुरुमचे बैलांचे व्यापारी महालिंगप्पा आणि त्यांची बायको पार्वतम्मा.)

महालिंगप्पा : ऐका डॉक्टरीणबाई. आमच्या घराण्यातला गडी मातीत जातो तोबी गडी म्हणूनच. सात पिढ्यांत एकबी कुणाम्होरं वाकला न्हाय, आन् म्याबी वाकणार न्हाय.

पार्वतम्मा : आदी त्या स्टुलावरनं उठून दाखवा.

महालिंगप्पा : उठतो की. घाई काय हाय?

पार्वतम्मा : बसवताना मी धरलं, उठवतानाबी मीच धरणार. सात पिढ्या काय भाईर रिक्षात बसल्यात?

डॉक्टर : काका, कंबर का दुखते ते सांगते. तुमचा प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरलाय. ही गाठ पुरुषी हार्मोनवर पोसते. आपली सुई ते हार्मोन बंद करते, म्हणजे गाठीचा खुराक बंद. सुरुवातीला दुखणं थांबलंही होतं. आता हा रिपोर्ट बघा. जे हार्मोन नावापुरतं राहायला हवं, ते तुमच्या रक्तात पंचवीस वर्षांच्या पोराइतकं आहे.

महालिंगप्पा : ऐकलंस का गं? पंचवीस.

डॉक्टर : मी शाबासकी देत नाहीये.

महालिंगप्पा : तेवढं येका कागदावर शिक्का मारून द्या.

डॉक्टर : हे आपोआप होत नाही काका. बाहेरून काय घेताय?

महालिंगप्पा : भाकरी.

पार्वतम्मा : महांतेशच्या जिमला जात्यात हे. काल गिरणीत दळण टाकताना त्याच्या आईनंच सांगितलं मला. पोरं दंड फुगवायला जी सुई टोचून घेत्यात ना, तीच. अडुसष्टाव्या वर्षी. हिकडं तुमी आग इझवायची, आन् ह्यांनी तिकडं जाऊन रॉकेल वतायचं.

महालिंगप्पा : ती ताकदीची सुई हाय.

डॉक्टर : त्या सुईत हेच हार्मोन असतं काका. ताकद आली ना. गाठीला आली. मी इथं डोकं फोडून घेतेय, औषध लागू का पडत नाही म्हणून. सोलापूरला पाठवायचं ठरवत होते तुम्हाला. आणि तुम्ही कॅन्सरला घेऊन जिमला जाताय.

महालिंगप्पा : मग काय करू? तुमच्या सुईनं काय केलंय बगा की. छाती बाईवानी झाली. अंगाची लाही हुत हुती. जिमच्या आदी येकदा टीव्हीवर हवामानाच्या बातम्या लागल्या, तर माज्या डोळ्याला पाणी. हवामानाच्या, बाई. पाऊस पडणार म्हणत हुते, तरी रडलो.

डॉक्टर : हे मला सांगायचं होतंत. त्रास कमी करायचे उपाय असतात.

महालिंगप्पा : बाईमाणसाला काय सांगू? जलमभर खोंडांची अंडं बडवून त्येंचे बैल केले म्या. बडवलं की जनावराच्या डोळ्यातली रग जाती. आता मलाच बडवायला निगालाव तुमी, दर तीन म्हैन्याला.

पार्वतम्मा : लई बडवलेत. एका खोंडाला तरी इचारलंत?

महालिंगप्पा : तू मदी बोलू नगो.

पार्वतम्मा : बोलणार. कारहुणवीला, बैलांच्या सणाला, शिंगं रंगवून, झूल घालून, ढवळ्याच्या पायावर डोकं कोण ठेवत हुतं? बडवलेलाच हुता की तो. तवा न्हाय वाटलं, ह्यात आता काय ऱ्हायलंय म्हणून?

महालिंगप्पा : ती रीत हाय. जनावर येगळं.

पार्वतम्मा : बरं, जनावर सोडा. माझी पाळी गेली, तवा माझ्याबी अंगाची लाही हुत हुती. उगंच रडू यायचं. तुमी काय म्हणला? म्हातारपणी नखरे सुचलेत हिला.

डॉक्टर : तेही हार्मोनच काका. काकूंचं वयानं कमी झालं, तुमचं आपण औषधानं कमी करतोय.

पार्वतम्मा : माझं गेलं ते गेलं. परत मागायला मी कुठल्या जिमला गेले न्हाय. चुलीम्होरं बसून ह्यांच्या भाकरी थापल्या. आता डॉक्टरीणबाईच्या देखत सांगते. सुई घ्यायची नसंल तर चला घरी. हातरुणाला खिळलाव तर हागणं-मुतणं सगळं करीन, त्यात कसूर न्हाय व्हायची. पण बोलणार न्हाय. मरूस्तवर एक शब्द न्हाय.

महालिंगप्पा : डॉक्टरीणबाई, माणूस खरंच हातरुणाला खिळतो?

डॉक्टर : मणका दबला तर पाय जातात. आणि पाठोपाठ माणूसही.

महालिंगप्पा : आन् सुई घेतली तर?

डॉक्टर : पूर्ण बरं होईल असं खोटं सांगणार नाही. पण आटोक्यात राहील, काही वर्षं चालते-फिरते राहाल. जिमची सुई बंद केलीत तर.

महालिंगप्पा : भरा मग.

डॉक्टर : आधी बंद म्हणा. मला नको, त्यांच्याकडे बघून म्हणा.

महालिंगप्पा : बंद.

पार्वतम्मा : मी भिताडावर न्हाय, हिकडं हाय.

महालिंगप्पा : बंद म्हणलो की.

पार्वतम्मा : ऐकलं.

महालिंगप्पा : पारवती.

पार्वतम्मा : आता काय?

महालिंगप्पा : लाही व्हायची तवा तू काय करायचीस?

पार्वतम्मा : काय करणार? टावेल वला करून गळ्याभवती टाकून बसायची. तुमी घोरत असायचाव.

महालिंगप्पा : मग आत्ता पिशवीत हाय का एखादा टावेल?