नकाशा काढणारीनं पळायचं नसतं

नाही सर, एकटीच होते मी. किती वेळा तेच विचारता? खकनारच्या पलीकडचं ते जंगल मी एकटीनं तुडवलं, नकाशा एकटीनं काढला — खाली कोपऱ्यात बघा ना, नाव एकच आहे, चारुलता महाजन. दुसऱ्या कुणाचं आहे का? नाही ना? मंग झालं. आमची भूमिका, माझी भाची, त्या जंगलात पहिल्यांदा गेली ती निवड-चाचणीच्या दिवशी, सगळ्या पोरींसोबत, आणि पहिली आली. लिहून घ्या तसं. ती प्रतिभा दुसरी आली म्हणून तिनं तुमच्या फेडरेशनला तक्रार केली — हरलेल्याला काय, नाचता येईना अंगण वाकडं. तुम्ही चहा घ्या आधी. आणि तो दराबा घ्या, इथली मिठाई आहे, लाजू नका, नागपूरहून इतक्या लांब आलात, इथल्या लालबागच्या गल्ल्यांत माझं घर विचारत फिरलात, तुम्हाला असंच पाठवलं तं माझी माय वरून शिव्या देईल मला.

नियम मला नका सांगू सर. नियम पाठ आहे मला, अर्धं आयुष्य गेलं यात. नकाशा काढणारीनं त्या जंगलात पळायचं नसतं. आणि जिनं ती जमीन आधी पाहिली तिनंही पळायचं नसतं. बरोबरच आहे ना — ओरिएंटिअरिंगचा सगळा खेळच अनोळखी जमिनीचा. हातात नकाशा, हातात कंपास, आणि जंगलात कुठं-कुठं नारिंगी-पांढरे झेंडे टांगलेले, ते क्रमानं शोधून जी आधी परत येईल ती जिंकली. रस्ता कुणी सांगत नाही. दुसरीच्या मागं पळाली तं बाद. हे खूळ आमच्या गावात, दापोऱ्यात, आणलं कोणी? नीलेशदादानं. माझा सख्खा मोठा भाऊ — हाव, तेच, आत्ताचे जिल्हा संघटनेचे सेक्रेटरी, ज्यांना तुम्ही सकाळी भेटून आलात. फौजेत होता तेव्हा. सुट्टीवर यायचा तं मायच्या जुन्या लुगड्याचे तुकडे आमच्या केळीत टांगायचा आणि मला सोडायचा आत. केळीचं रान तुम्हाला माहीत नसेल सर, सगळ्या ओळी सारख्या, वर पानांचं छप्पर, सूर्य दिसत नाही, बाहेरचा माणूस गेला तं आवाज देत बसतो. मी शाळेतली पोरगी, हातात त्याचा फौजी कंपास. दादा बांधावर बसून म्हणायचा, पाय नंतर पळव चारू, आधी डोकं पळव. मी कधी हरवले नाही. एकदाही नाही. त्या बांधावर दादा बसलेला आहे एवढं माहीत असलं की भीती कशाची?

पुढं नॅशनल जिंकली, परत जिंकली, छातीवर तिरंगा लावून परदेशात पळून आले — तिथल्या दलदलीत एक बूट गेला, तसंच पळाले. पण गावात कुणाला काय कळणार? आमची शेजारीण धुरपदाबाई, ती मला म्हणायची, काय हरवलं गं तुझं पोरी, दर वर्षी जंगलात जाऊन शोधते? हसा, हसा, आम्हीही हसायचो. बघायला पाहुणे आले की मायला संकट, काय सांगावं, पोरगी काय करते? मंग मी मॅरेथॉन पळायला लागले तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. पळते — हे तरी लोकांना समजतं. जळगाव, इंदूर, तुमचं नागपूर, पेपरात फोटो. पण खरं सांगू? मॅरेथॉन मला सोपी वाटते. दमायला होतं, पायाची नखं काळी पडतात, ते सगळं आहे, पण डोक्याला काम नाही. रस्ता बंद केलेला, वळणावळणावर पोरं उभी — इकडून मॅडम, इकडून. मला हसू येतं. पण तिथं कुणी फसवू शकत नाही हेही आहे. जंगलात मात्र नकाशावर भरवसा ठेवावाच लागतो.

लग्न राहिलं ते राहिलंच. त्याचं काही नाही. भूमिका होती ना. सुनीतावहिनी, दादाची बायको, ती केळीच्या कामात, दादा सीमेवर, पोरगी माझ्याच कडेवर वाढली. दात पडला तं माझ्या हातात आणून द्यायची. कंपास मीच शिकवला तिला — पण ते केळीत हं, आमच्या शेतात, खकनारला नाही. लिहिताना नीट लिहा.

आता त्या नकाशाचं. गेल्या दिवाळीच्या आसपास दादा इथंच आला, तुम्ही बसलात तिथंच बसला. म्हणाला, चारू, शाळेतल्या पोरांच्या शिबिरासाठी खकनारकडच्या जंगलाचा नकाशा हवाय, तुझ्यासारखा हात जिल्ह्यात कुणाचा आहे? मी विचारलं, हो सर, मी मूर्ख नाही, तोंडावर विचारलं, दादा, निवड-चाचणी तं तिथं नाही ना होणार? काहून की राज्यातून देशाच्या कॅम्पला बाईची एकच जागा, आणि माझं वय बघता ही शेवटची संधी. पुढच्या वर्षी पाय ऐकणार नाहीत, मला माहीत आहे. तो हसला. म्हणाला, वेडी आहेस का, चाचणी दुसऱ्या जिल्ह्यात ठरलीय. आणि वर काय म्हणाला? या वेळी नकाशावर तुझं नाव छापू. आजपर्यंत किती नकाशे काढून दिले, कधी नाव नव्हतं माझं. मी खूश. नावासाठी, बघा, माणूस नावासाठी किती खूश होतो. शाळेत मी खेळाची शिक्षिका आहे, तं शाळा सुटली की खकनार, रविवारी खकनार, सगळा हिवाळा तिथं घातला. नाला कुठं वळतो, सागाची दाटी कुठं संपते, कुठली टेकडी मागून चढायची. आजवरचा सगळ्यात चांगला नकाशा आहे तो माझा. हे मी गर्वानं नाही सांगत. गर्वानंच सांगते, जाऊ द्या.

आणि चाचणीला थोडे दिवस राहिले तं सूचना आली, तिकडच्या जंगलाची परवानगी मिळाली नाही, जागा बदलली. नवी जागा — खकनार. माझा नकाशा. माझं नाव छापलेलं. मी तं आपोआपच बाद, कुणाला काढायचीही गरज नाही पडली. मी म्हटलं असेल नशीब. खरंच तसं म्हटलं सर, दोन दिवस मी दादालाच धीर देत होते फोनवर, तुझा काय दोष त्यात. मंग बाजारात कडूदादा भेटला, खकनारचा वनरक्षक. बोलता-बोलता म्हणतो, ताई, तुमच्या स्पर्धेची परवानगी तं नीलेशभाऊंनी दिवाळीतच काढून ठेवली होती आमच्या ऑफिसातून, तारखेसकट. दिवाळीत. मतलब इथं बसून माझा चहा पीत होता तेव्हा कागद त्याच्या खिशात. मला फसवलं सर. परका असता तं मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. ज्यानं मला रस्ता शोधायला शिकवलं त्यानं फसवलं. हे लिहू नका, हे घरचं आहे.

गेले ना मी दापोऱ्याला. तो अंगणात मोटारसायकल धूत होता. विचारलं. नाही म्हणाला नाही, तेवढं खरं बोलला. पाण्याचा पाइप हातात तसाच. म्हणाला, "तुझं खेळून झालं चारू. पोरीचं आता सुरू होतंय. जागा घरातच राहिली ना?" मी म्हटलं, "मी घरातली नाही का?" त्यानं नळ बंद केला आणि आत गेला. वहिनी दारात उभी होती, तिनं खाली बघितलं. मी तशीच परत आले. त्याच आठवड्यात एक मॅरेथॉन होती, पळाले, पहिली आले, रस्ताभर रडत पळत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं पायात पेटके आलेत.

तक्रार करायची असती तं मीच नसती का केली? प्रतिभाच्या आधी केली असती. नाही केली. काहून की दादाला खाली ओढलं तं पोरगी पडते. तिचा काय दोष? ती पळाली, चांगली पळाली. मी बघायला गेले नाही, पण सगळं कळलं मला. आणि तो व्हिडिओ — तुम्ही पाहिला ना? गळ्यात मेडल, केसात पाचोळा अडकलेला. तिला विचारतात, हे जंगल तुला अवघड गेलं का? आणि ती म्हणते, मी तं ही जागा कधी बघितलीच नव्हती. हसत म्हणते. बरोबरच बोलली. तेच बोलायला पाहिजे होतं. मला काही वाटलं नाही त्याचं. मी फक्त परत-परत लावून बघितला, आवाज बरोबर ऐकू येतो का म्हणून.

विहिरीचं काय? प्रतिभानं तेच लिहिलंय का तक्रारीत? की शेवटचा झेंडा विहिरीजवळ होता, सगळ्या पोरी घाणेरीच्या झुडपांभोवती फिरत बसल्या आणि भूमिका मागच्या बाजूनं न थांबता आत शिरली? मंग शिरली. विहीर नकाशावर आहे, सगळ्यांना दिसत होती. झुडपांतली ती फट नाही नकाशावर, मान्य, पण एवढीशी फट नकाशात बसत नाही सर, नियमानंच बसत नाही. नशिबानं सापडली असेल तिला. मला कोणी दाखवली? मला कोण दाखवणार, कडूदादालाही माहीत नव्हती ती विहीर. अहो, ती सापडण्याची गंमतच आहे. दुपार झालेली, पाणी संपलेलं, आणि मी त्या नाल्याची तिसऱ्यांदा मापं घेतेय, तं भूमिका म्हणते, आत्या, मी आता एक पाऊल टाकणार नाही, तुझा नाला गेला उडत. आणि बसली फतकल मारून घाणेरीला पाठ टेकून — टेकली तशी गेली ना मागं! सरळ आत! नुसते दोन पाय बाहेर, हवेत, आणि आतून ओरडते, आत्या, विहीर! मी पाय धरून ओढतेय, तिला हसू आवरेना, मला हसू आवरेना, दोघी त्या विहिरीच्या काठावर पोट धरून…

काहून असे बघता?

नाही. ते दुसरीकडचं. दुसऱ्या विहिरीचं सांगितलं मी, मागच्या वर्षी आम्ही — पेन का खाली ठेवला? दया करताय का माझ्यावर? नका करू. थांबा जरा. बोलू नका.

दादानंच पाठवली होती तिला. मी नव्हती मागितली. म्हणाला, एकटी बाई जंगलात, पोरीला सोबत ने, तेवढीच तिची हवापालट. मला किती बरं वाटलं होतं, म्हटलं भावाला काळजी आहे. रोज पाठवायचा. एक दिवस तिला ताप होता तरी पाठवली. माझं नाव छापलं आणि तिचं… हे मला आत्ता कळतंय सर. कडूदादा भेटला तेव्हाही नाही कळलं, आत्ता, तुमच्यासमोर बोलताना. मी नकाशा काढत नव्हते. मी तिला ते जंगल दाखवत होते. बोट धरून, एक-एक दगड.

खरं आहे का विचारता? खरं आहे. लिहा. सगळा हिवाळा ती माझ्यासोबत होती. तिचं नाव कटेल ना? माहीत आहे मला, मला नका समजावू.

पोरीला माहीत होतं का, एवढंच मला… नाही, ते तुम्हाला कसं माहीत असणार. ते मी विचारेन. आज येतेय ती, चाचणीनंतर पहिल्यांदा येतेय. सकाळी फोन आला, आत्या, उद्या कॅम्पला निघायचंय, संध्याकाळी तुझ्याकडे जेवते, भरीत कर. तुम्ही निघा आता सर. चपला तिकडे, दाराच्या मागं. निघा, मला वांगी भाजायचीत.