सापडलेली वस्तू क्रमांक ११८

नाव : सोबत जोडलेल्या ओळखपत्राप्रमाणे. वय : २२ वर्षे. शिक्षण : पदवीधर, घरात पहिलीच. धंदा : शिकवण्या घेणे. राहणार : गणवेशाच्या कारखान्यामागची इमारत, दुसरा मजला, खोली नऊ.

लेखनिक रजेवर आहेत आणि हवालदारसाहेब म्हणाले, "तुझं अक्षर बरं दिसतंय, तूच लिही, चार ओळींत आटप," म्हणून हा जबाब मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. समक्ष हजर राहून लिहून देते की :

मला पहिला प्रश्न असा विचारण्यात आला : "बहीण कुठे गेली हे तुला माहीत नाही, मग ती आपणहून गेली नाही हे कशावरून?" याचे उत्तर मला देता येत नाही. ती घरातून कशी जाते एवढेच सांगता येते. जिन्यावरून दोन पायऱ्या परत वर येऊन ती आईला "कडी लावून घे गं" असे सांगते. हातातले शिवण अर्धे ठेवून ती कुठे जात नाही. माझ्या मुलाखतीसाठी ती कुर्ता शिवत होती. त्याची एक बाही लागली आहे. दुसरीत सुई तशीच आहे. ती आम्ही काढलेली नाही.

माझी ताई, वय २८, वर लिहिलेल्या गणवेशाच्या कारखान्यात शिलाईकाम करते. वडील गेल्यानंतर घर चालले आणि माझे शिक्षण झाले ते तिच्या कामावर. एकोणीस दिवसांपूर्वी, सोमवारी, ती संध्याकाळी सहा दहाला कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली. बसथांब्याजवळून भाजी घेऊन सहा पस्तीसला ती घरी असते. त्या दिवशी आली नाही.

मंगळवारी सकाळी आई आणि मी या ठाण्यात आलो. "सज्ञान बाई आहे, येईल चार दिवसांत. अर्ज ठेवून जा," असे सांगण्यात आले. अर्ज ठेवला. त्यावर शिक्का मिळाला नाही. त्यानंतर मी सहा वेळा आले. अर्ज टेबलावरच्या काचेखाली आहे. आत्ता लिहितानाही तो मला दिसतो आहे.

त्याच मंगळवारी बसथांब्याजवळ बसणाऱ्या चांभारकाकांना त्यांच्या पेटीमागे स्टीलचा एक डबा मिळाला. त्यांनी तो फिरतीवरच्या शिपायाकडे दिला. सापडलेल्या वस्तूंच्या वहीत त्याची लगेच नोंद झाली : क्रमांक ११८, डबा, एक. तो डबा ताईचा आहे. झाकणावर तिने खिळ्याने पाच पाकळ्यांचे फूल कोरले आहे. एक पाकळी मोठी झाली तेव्हा ती म्हणाली होती, "ही तू, खूप शिकलेली."

चांभारकाका ताईच्या चपला शिवतात, ते तिला ओळखतात. त्यांनी मला सांगितले, "पांढरी गाडी थांबली होती. आतल्यानं तिचा हात धरला. तिनं झटकला, तेव्हाच डबा पडला. मधे बस आली. बस गेली आणि ती नव्हती." मी विचारले, "काका, हे पोलिसांना का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "त्यांनी डबा घेतला, सही घेतली. बाईचं कुणी विचारलंच नाही पोरी." त्यांचा जबाब घ्यावा, अशी माझी विनंती आहे. ते रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सात तिथेच असतात.

आजच्या गुन्ह्याबाबत. ताईचा फोटो असलेले चाळीस कागद मी छापून घेतले. त्यांपैकी एकतीस आज अकरा दहाला ठाण्यासमोरच्या, नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर लावले. अकरा सतराला दोन शिपाई आले. अकरा पन्नासला भिंत विद्रूप केल्याचा गुन्हा नोंदला गेला. उरलेले नऊ कागद आणि गोंदाची वाटी जप्त झाली. वाटी घरची आहे.

हवालदारसाहेब म्हणाले, "पदवी घेतलीस ती गोंद लावायला काय? कागद लावू नका असं भिंतीवर एवढं मोठं लिहिलंय, वाचता येत नाही?" मी वाचता येते असे सांगितले. मी विचारले, "साहेब, माझी नोंद चाळीस मिनिटांत झाली. ताईची एकोणीस दिवसांत का नाही?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "हे बघ, इथं भिंत आहे, कागद आहे, तू आहेस. सगळं समोर आहे, संध्याकाळपर्यंत निकाल. महिन्याच्या तक्त्यात आम्हाला निकाल दाखवावे लागतात. तुझ्या बहिणीचं काय आहे समोर?"

मी म्हणाले, "डबा आहे."

त्यांनी एकदा कपाटाकडे पाहिले.

भिंत मी चुकून निवडलेली नाही. अर्ज काचेखाली राहतो, पण आरोपीचा जबाब कागदपत्रांत लागतो आणि वर जातो, हे मला सहा फेऱ्यांत कळले. गुन्हा मला कबूल आहे. होईल ती शिक्षा भोगेन. मात्र वरचे परिच्छेद खोडून "कागद लावले, चूक झाली" एवढेच ठेव, ही सूचना मला मान्य नाही.

शेवटी हवालदारसाहेबांनी कपाट उघडून डबा माझ्यापुढे ठेवला. "हा तरी घेऊन जा. सही कर, आईला बरं वाटेल," असे ते म्हणाले. आई रोज संध्याकाळी तो डबा मागते. मी झाकण काढून पाहिले. आत काही नव्हते, कुणीतरी तो स्वच्छ धुतला आहे. मी वहीही पाहिली. वस्तू परत नेली की तिच्या क्रमांकावर लाल रेघ मारतात. ताईची या ठाण्यात तेवढी एकच नोंद आहे.

वरील मजकूर मी लिहिला, हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचला आणि मी उभी राहून ऐकला. एकही शब्द कमी-जास्त नाही. डबा मी माझ्या हाताने कपाटात परत ठेवला आणि मगच खाली सही केली.