मधल्या पायऱ्या

माहा बाप गवंडी, आजा गवंडी, मीही गवंडीच. गाव आमचं फैजपूरच्या वरच्या अंगाले, सातपुड्याच्या पायाशी. गावामागं टेकडी हाये, लेकराबाळांसंगं चढलं तरी अर्ध्या तासात माथा, आन् वरून काय दिसतं, काय सांगू तुम्हाले, जिकडं पाहा तिकडं बठ्ठी केळीच केळी, हवा साफ असली तं पार तापीचा पट्टा.

त्या टेकडीले पायऱ्या करायचं काम निघालं, ते मले भेटलं, दगड-वाळू वाह्याले माही बायको सिंधू संगं. ठेकेदार म्हने, उंच ठेव, कमी दगडात काम उरकतं. मी तशाच बसवल्या. सिंधू म्हने, अहो, ह्या काय फक्त गड्यांसाठी? बाई लुगड्यातली, कडेवर लेकरू, ती कशी चढंल? मी खेकसलो, तू पाटी उचल, गवंडी मी हाये. ती गप झाली, पाटी उचलली. तिचं ते गप होनं मले तवा बरं वाटलं, खोटं कशाले सांगू.

पुढं तिचे गुडघे गेले. रविवारी पोरगा-सून डबा घेऊन वर जात, ही खाली निंबाखाली बसे. एकदा मी म्हटलं, चल, हात धरतो. चौथ्या पायरीवर थांबली. पायरीकडं पाह्यलं, मंग माह्याकडं.

दुसऱ्या दिवसापासून मी कामावर जायच्या आधी दोन-दोन दगड वर न्यायले लागलो. दर दोन पायऱ्यांच्या मधात, कडेनं, एक बसका दगड, पाऊल टेकंल इतका. लोक म्हनत, भाऊ, कोनी सांगितलं हे? मी म्हने, राह्यलेलं काम हाये. हिवाळा गेला, ऊन तापलं, तरी चालूच.

मंग तिले बोलावलं. ती दम खात चढली, एका दगडावर पाय दाबून म्हने, हा हालतो. मी तिथंच बसून पाचर ठोकली. माथ्यावर ती लई वेळ उभी राह्यली. मी बोटानं दाखवत व्हतो, तो पाहा रस्ता, आपलं घर तेवढं केळीमागं लपलं. ती म्हने, घर पाहाले वर आली का मी? घर तं रोज पाह्यते.

आता दर रविवारी ती नातीले घेऊन जाते, गल्लीतल्या बायाही जातात. मीच मागं पडतो, धाप लागते, वय झालं. ती वरून हाक मारते, या ना. मी म्हनतो, व्हा तुम्ही पुढं, मी येतो बसत-उठत.